गोड्या पाण्याची खाच

टाचेला भेग पडली की तिच्यात मेण भरायचं. मेण नसेल तर काहीच भरायचं नाही, मग वाफ्यात उतरताना ओठ दातांत धरायचा.

समुद्रात पोहायला शिकलेला माणूस नदीत उतरला की दमतो. पाणी त्याला उचलत नाही.

प्यायच्या पाण्याची गाडी आठवड्यातून दोनदा. एका घराला तीन पिंपं. झाकणावर दगड.

चांगलं मीठ मुठीत दाबून सोडलं तर सांडतं. वाईट मीठ मुठीचाच आकार धरून बसतं.

म्हाताऱ्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा उमटत नाही. मिठागराच्या कचेरीत कारकुनाने तीनदा शाई लावून पाहिली आणि शेवटी डावा घेतला.

सव्वा हाताची एक काठी. खालच्या टोकाला शिशाची तार गुंडाळलेली, अंगावर चार खाचा. दाराच्या आत खिळ्याला टांगलेली. येता-जाता तिला कोणी खांदा लागू देत नाही.

पहिल्या ढिगाला घाम फुटला.

वाफ्यातून मीठ ओढून ढीग घातल्याला पंधरा दिवस झाले होते. एव्हाना तो वाळून खणखणीत व्हायला हवा होता. म्हाताऱ्याच्या सुनेने सकाळी त्याला हात लावला तर तळहात ओला झाला. तिने एक खडा जिभेवर ठेवला. आधी खारट लागला, मग जिभेच्या मुळाशी कडू. ती थुंकली आणि पुन्हा थुंकली. कडूपणा जायला तयार नव्हता. नवरा बांधावर बसून दंताळ्याचा सैल दात ठोकत होता. त्याने वर पाहिलं. तिच्या थुंकण्यावरून त्याला कळलं.

मुकादम दर आठ दिवसांनी फेरीला येई. त्या दिवशी त्यानेही ढिगाला मूठ घातली, दाबली आणि उघडली. मीठ मुठीच्या आकाराचं होऊन त्याच्या तळहातावर बसलं होतं. त्याने ते सगळ्यांना दिसेल असं धरलं. आवाज चढवला नाही, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. तो म्हणाला की हा ढीग बाजूला राहील, गाडीत चढणार नाही. मग टोपी काढून कपाळ पुसलं आणि जे सांगायचं ते ढिगाकडे बघून सांगितलं.

"दुसऱ्या वाफ्याचं मीठही असंच निघालं, तर पुढच्या हंगामाला हे वाफे दुसऱ्या घराला जातील. वरून आलंय. माझ्या हातात नाही."

वाफे गेले की झोपडंही जाणार होतं, कारण ते वाफ्यांबरोबरच मिळालेलं होतं. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, मागे चूल, तीन पिंपं. सून याच खोलीत लग्न होऊन आली होती. नवरा याच खोलीत जन्मला होता. आबा, म्हणजे तिचा सासरा, पडवीत भिंतीला टेकून बसला होता. त्याला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, कानांनी सगळं ऐकू येत होतं.

मुकादम गेल्यावर आबा एवढंच म्हणाला की समुद्रच यंदा खराब आहे.

मिठाचं काम म्हणजे पाणी आटवायचं काम, असं बाहेरच्यांना वाटतं. आटवतं ऊन. माणसाने करायचं ते एवढंच, की पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी बाहेर सोडायचं ते ओळखायचं. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत दाट करायचं. पक्कं झालं की मीठ धरायच्या वाफ्यात घ्यायचं. तिथे मीठ खाली बसतं आणि वरचं पाणी आणखी दाट होत जातं. एका मर्यादेपलीकडे त्या पाण्यात मीठ उरत नाही, उरतो तो कडूपणा. तोही मग खाली उतरू लागतो. त्याच्या आत ते पाणी सोडून द्यायचं. एक-दोन दिवसांचा खेळ. लवकर सोडलं तर मीठ कमी, उशिरा सोडलं तर मीठ कडू.

ते ओळखायची आबाची काठी. घरात तिला तरती म्हणत. बंद बुडाच्या एका नळ्यात वाफ्यातलं पाणी भरायचं आणि तरती आत सोडायची. पातळ पाण्यात ती खोल बुडते. पाणी दाट, तशी ती वर उचलली जाते. पाण्याची रेघ ज्या खाचेला लागेल ते पाण्याचं वय.

सगळ्यांत खालची खाच 'सोड'. म्हणजे कडू पाणी सोडून दे.

तिच्यावर बोटभर अंतरावर 'धर'. म्हणजे पाणी पक्कं झालं, आत घे.

तिच्या खूप वर 'समुद्र'.

त्याच्या नखभर वर आणखी एक खाच होती. ती कशाला होती ते सुनेला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. त्या खाचेपर्यंत बुडेल असं पाणी मिठागरात कुठेच नव्हतं.

मुकादमाकडे याच कामाची काचेची नळी होती, आत कागदाची पट्टी, पट्टीवर आकडे. चाळीस घरांना मिळून एक. ती एका वर्षी फुटली होती, आणि नवी येईपर्यंतचा सगळा हंगाम चाळीस घरांनी आबाच्या तरतीवर काढला. तेव्हापासून आबाला सगळे काटेवाले म्हणत. दिसत होतं तोवर आबा खाच डोळ्यांनी बघायचा. आता नळ्यात अंगठा घालून पाण्याची रेघ आणि खाच अंगठ्याने जुळवायचा, पहाटे, पाणी गार असताना. मग तरती तळहाताने एकदा निपटायची आणि खिळ्याला टांगायची. धुवायची कधी नाही. गोडं पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि तरती खोटं बोलायला लागते, असं आबा सांगायचा. शिवाय काठी धुवायला गोडं पाणी होतं कुणाकडे?

पलीकडच्या वाफ्यांवर एक वहिनी होती. नात्याची नव्हे, पण मिठागरावर शेजारीण म्हणजे वहिनीच. तोंडाने फटकळ, हाताने उदार. ती त्या आठवड्यात पाण्याच्या गाडीपाशी रांगेत सुनेच्या मागे उभी राहिली आणि सहज बोलावं तसं म्हणाली, की मुकादम आला त्या दिवशी पहाटे तिने आबांची तरती मागून नेली होती. तरती म्हणाली अजून 'धर'पण नाही, थांब. दोन तासांनी मुकादमाची काच त्याच पाण्यात पडली आणि म्हणाली पाणी कधीच पक्कं झालंय, घे आत.

सुनेने विचारलं, मग काय केलं.

"घेतलं आत. मीठ बघ जा, कसं पांढरं पडलंय." मग तिने आवाज खाली आणला. "आबांना सांगू नकोस बाई. पण तुमची काठी म्हातारी झाली. माझ्या सासूसारखी. उठवलं तरी उठत नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. सूनही हसली. घागर डोक्यावर घेऊन परत येताना बांधावर तिला थांबावं लागलं. पाणी एकाच भरतीचं. ऊन एकच. वारा एकच. वहिनीचं मीठ कोरडं आणि आपलं घामेजलेलं. म्हणजे समुद्र खराब नव्हता.

नवऱ्याला तिने जेवताना सांगितलं. त्याची कंबर गेल्या हंगामापासून धरलेली होती, तो पाटावर बसायचा नाही, भिंतीला पाठ लावून उभ्यानेच जेवायचा. त्याने शेवटचा घास संपवला. मग म्हणाला की आबाचे डोळे गेले, आई गेली, हाताखालची माणसं गेली, एक काठी उरली आहे. तीही चुकते म्हणून सांगायला मी जाणार नाही. तुला जायचं तर जा.

दुसऱ्या वाफ्यात मीठ बसलं होतं. वर चार बोटं पाणी. त्या पहाटे आबाने अंगठा लावून सांगितलं होतं, अजून तीन दिवस.

सून त्या तीन दिवसांकडे बघत दुपारपर्यंत बांध लिंपत राहिली.

दुपारी ऊन वाफ्यांवरून उलटं डोळ्यांत येतं, तेव्हा सगळं मिठागर तासभर आडवं होतं. नवरा पडवीत पालथा झोपला. आबा बसल्या बसल्या पेंगला. सुनेने तरती खिळ्यावरून काढली. हातात घेताच तिला पहिल्यांदा जाणवलं की ती खरखरीत आहे. अंगभर मिठाचा पापुद्रा होता, वर्षानुवर्षांचा, लाकडाच्याच रंगाचा. खाचांच्या तोंडाशी तो जाड झाला होता. आबाच्या अंगठ्याला तो कळायचं कारणच नव्हतं. अंगठ्यावरही तोच होता.

तिने पिंपावरचा दगड उतरवला. नळ्यात दोन तांबे गोडं पाणी ओतलं. गाडी परवा यायची होती आणि पिंपात वीतभर पाणी उरलं होतं. तिने तरती सोडली.

तरती बुडत गेली. 'सोड' बुडाली, 'धर' बुडाली, 'समुद्र' बुडाली, आणि मग ती वरची, बिननावाची खाच पाण्याखाली गेली. गेली ती गेलीच. पाण्याची रेघ तिच्याही वर बोटभर स्थिरावली.

ती खाच कशाला होती ते सुनेला तेव्हा कळलं. ती गोड्या पाण्याची होती. गोडं पाणी दर वर्षी सारखंच असतं, त्याला भरती-ओहोटी नाही. तरती बरोबर असेल तर तिने गोड्या पाण्यात त्या खाचेलाच थांबायला हवं. ती बोटभर खाली जात होती. अंगावर बसलेल्या मिठाने जड झाली होती. आणि 'धर' आणि 'सोड' यांच्यात अंतर होतं तेही बोटभरच. म्हणजे तरती 'धर' म्हणायची तेव्हा पाणी 'सोड'ला पोचलेलं असायचं.

किती वर्षं, असा प्रश्न तिच्या मनात आला. तो तिने तिथेच सोडून दिला.

पडवीतून आवाज आला. मोठा नव्हता.

"गोडं पाणी ओतलंस ना गं? वास येतो."

गोड्या पाण्याला वास नसतो. पण साठ वर्षं मिठात काढलेल्या माणसाला तो येत असावा. सून नळा हातात धरून उभी राहिली. तिने सांगितलं की वरची खाच बुडाली आहे. किती, आबाने विचारलं. बोटभर. कुणाचं बोट, तुझं का माझं? तिने आपलं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, माझं.

पत्रा उन्हाने तडतडत होता. मग आबा भिंत धरून उठला, चार पावलं चालत आला, नळ्यात अंगठा घातला. नेहमीसारखी रेघ शोधली. खाच शोधली. खाच सापडायला त्याला पाण्यात खोल जावं लागलं. त्याने अंगठा बाहेर काढून चाटला.

"नळा आधी विसळला नाहीस. तळाला खार आहे. हे पाणी पुरतं गोडं नाही."

ती म्हणाली, पाणी कमी आहे.

"पुरतं गोडं असतं तर आणखी बुडाली असती," आबा म्हणाला. आणि मग पहिल्यांदा त्याच्या आवाजात काहीतरी खचलं. "पिंप इकडे ओढ."

नवरा उठून बसला होता. त्याने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि कंबर धरून पिंप ओढायला आला.

आबाने नळा तीन पाण्यांनी विसळून घेतला. मग तरती मांडीवर आडवी घेऊन शिंपल्याच्या कडेने खरवडायला लागला. पापुद्रा निघत होता तसा त्याच्या धोतरावर पांढरा चुरा पडत होता. खाचांपाशी तो थांबायचा, नखाने टोकरायचा, खाच रुंद होणार नाही असं जपायचा. सून तांब्याने धार धरत होती. खाली घमेलं ठेवलं होतं, पण ते पाणी आता कुणी पिणार नव्हतं. तिने एकदा सुचवलं की मी खरवडते. त्याने मान हलवली. त्याच्या बोटांच्या भेगांत मीठ जात होतं आणि गोडं पाणी त्यावरून वाहत होतं, दोन्ही झोंबत असणार. तो मध्येच म्हणाला की वहिनीने मागून नेली तेव्हा तिला काय सांगितलं या तरतीने? सुनेने तांब्या पुन्हा भरून घेतला. तो म्हणाला, बरं.

खरवडून झाल्यावर तरती पुन्हा गोड्या पाण्यात सोडली. आता ती खाच फक्त अर्धं नख बुडाली.

"लाकडाने पाणी प्यायलंय," आबा म्हणाला. "ते काही निघायचं नाही. ते आपल्यासारखं आहे." मग त्याने तरतीच्या टोकाची शिशाची तार चाचपली, एक वेढा उलगडला, दातांनी तोडला. सोडली. अजून जरा. दुसरा वेढा तोडला. शिसं तोंडातून थुंकलं.

"बघ," तो सुनेला म्हणाला. नवऱ्याला नाही.

तिने वाकून पाहिलं. पाण्याची रेघ वरच्या खाचेत बसली होती. इतकी नेमकी, की खाच ओली आहे का कोरडी ते सांगता येत नव्हतं.

मग दुसऱ्या वाफ्यातलं पाणी नळ्यात आणलं. पहाटेची वाट बघायला वेळ नव्हता. पाणी उन्हाने तापलेलं होतं, आबा म्हणाला की तापलं पाणी स्वतःला हलकं सांगतं, ते धरून चला. तरती उचलली गेली. 'धर' पाण्याच्या वर आली आणि रेघ 'सोड'ला टेकली. तापलेलं असूनही टेकली. तीन दिवस नव्हते. तीन तासही नव्हते.

नवऱ्याने फावडं घेतलं आणि बांध फोडला. कंबर विसरून फोडला, आणि मग तिथेच चिखलात गुडघ्यावर बसला. कडू पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी ओहोळाकडे निघालं, जाड, तेलासारखं. सून दंताळ्याने खालचं मीठ पाण्याबाहेर ओढत राहिली. आबा बांधावर उभा होता. त्याला दिसत काही नव्हतं. पाणी कुठवर उतरलं ते तो आवाजावरून विचारत होता आणि ती सांगत होती.

त्यानंतरचे सहा दिवस पहिल्या ढिगात गेले. कडू मीठ पक्क्या पाण्याने धुता येतं. पक्क्या पाण्यात आधीच मीठ भरलेलं, ते आणखी मीठ घेत नाही, कडूपणा मात्र घेऊन जातं. आबानेच सांगितलं. कधीकाळी केलं होतं म्हणाला. ढीग फोडायचा, वाफ्याच्या कडेला पसरायचा, घमेल्याने पक्कं पाणी मारायचं, निथळू द्यायचं, परत पाणी मारायचं, परत ओढायचा. म्हणजे एकदा केलेलं काम दोनदा. सुनेच्या टाचेतलं मेण दुसऱ्याच दिवशी निघून गेलं. नवरा कमरेला ओलं फडकं आवळून घमेली उचलत होता आणि दर दहाव्या घमेल्याला थांबत होता. ती सुरुवातीला मोजत होती, मग तिने मोजणं सोडलं. पहिल्या दोन दिवसांत प्यायचं पाणी वहिनीकडून आलं, एक घागर, न मागता. वर टोमणा आलाच, की काठीला अंघोळ घातलीत म्हणे, मग आता सासूलाही घालते, बघते उठते का.

सातव्या दिवशी मुकादम आला. त्याने दुसऱ्या वाफ्याच्या मिठाला मूठ घातली, उघडली. मीठ बोटांतून सांडलं. त्याने पहिल्या ढिगाकडे पाहिलं, खडा जिभेवर ठेवला आणि थुंकला नाही. धुतलंत वाटतं, म्हणाला. मग काचेची नळी काढली आणि आबाची तरती मागितली. दोन्ही पाळीपाळीने एकाच पाण्यात सोडल्या. आजूबाजूच्या वाफ्यांवरची पाच-सात माणसं हात पुसत बांधावर येऊन उभी राहिली. वहिनीही होती.

काच आणि काठी सारखंच बोलल्या.

कोणीतरी म्हणालं, आबांची तरती कधी चुकलीय का. म्हणणारा कौतुकानेच म्हणत होता. आबाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"चुकत होती," तो म्हणाला. "बोटभर. मी धुवायचो नाही. यंदा ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून नेली, त्यांनी आपापले ढीग चाखून बघा."

दोघे जण वळले आणि आपापल्या ढिगांकडे चालू लागले. चालता चालता त्यांची पावलं भराभर पडू लागली. मुकादम काच पुसत उभा होता. पुसून झाल्यावरही पुसत होता. अखेर म्हणाला की वाफे राहतील, तसं मी वर सांगतो. पण यापुढे एका घराची काठी दुसऱ्या घरी जायची नाही. पाणी घेणं-सोडणं काचेवरच. काच रोज फिरवायची सोय करतो. आबा म्हणाला, बरोबर आहे. मुकादमाला याहून जास्त काही ऐकायचं असावं, तो जरा थांबला, मग पुढच्या घराकडे गेला.

सुनेने तरती उचलली. वाफ्याच्या पाण्याने ती ओली होती. आबाने हात पुढे केला, पण घेतली नाही, फक्त टोकाची तार चाचपली. घरी जाऊन ती टांगण्याआधी सुनेने एक तांब्या गोडं पाणी घेतलं आणि तिच्यावरून ओतलं. आबा पडवीत बसला होता. पाण्याचा आवाज त्याने ऐकला. नको म्हणाला नाही.

दुसऱ्या पहाटे तो उठून नेहमीच्या जागी, वाफ्याच्या कडेला जाऊन बसला. नळा भरलेला नव्हता. काच यायला उशीर होता. तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला आणि त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मधून मधून हलत होता. सुनेने दंताळं घेतलं आणि तिसऱ्या वाफ्यात उतरली.

फार वर्षांपूर्वी आबाने तरती कोरली त्या दिवशी घरात प्यायचं पाणी एकच घागर होतं, आणि ते सगळं पहिली, गोड्या पाण्याची खाच पाडण्यात गेलं.